सासूबाई हॉलमध्ये का बसत नाहीत?

प्रश्न : ताई, शिवाजी पार्कजवळच्या एका गल्लीत, 1939 सालच्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा ब्लॉक आहे. गोल कोपऱ्याची गॅलरी, जिन्याच्या खिडकीला उगवत्या सूर्याची जाळी, अशी जुन्या धाटणीची इमारत. सासूबाई 1968 साली लग्न होऊन गिरगावच्या चाळीतून इथे आल्या. आता त्या 78 वर्षांच्या आहेत, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत, कानाला मशीन आहे. गेल्या वर्षी त्या सहा महिने नणंदेकडे नाशिकला होत्या, तेव्हा आम्ही घराचं काम काढलं. धुळीचा त्रास त्यांना नको आणि परत आल्यावर सरप्राइज मिळावं, एवढाच हेतू होता. वायरिंग, पाइप, बाथरूम सगळं नवं केलं. हॉल आणि स्वयंपाकघरातली भिंत काढली. गॅलरीची जमीन भर घालून हॉलच्या पातळीला आणली आणि मोठ्या काचा लावून ती हॉलमध्ये घेतली. जुन्या रंगीत लाद्यांवर पांढऱ्या चकचकीत टाइल्स चिकटवल्या, वर पीओपी. मधलं सागवानी दुपाखी दार कॉन्ट्रॅक्टर घेऊन गेला. पैसे संपले म्हणून सासूबाईंची खोली तेवढी तशीच राहिली. येणारा प्रत्येक जण वाहवा करतो. सासूबाई म्हणाल्या, ‘छान केलंय.’ त्याला सात महिने झाले, त्या हॉलमध्ये बसत नाहीत. भिंतीला धरून बाथरूमला जातात, चहा खोलीत घेतात, माणसं आली की कानाचं मशीन काढून ठेवतात आणि दुपारी जिन्याच्या चौकात स्टूल टाकून बसतात. शेजारी विचारतात, सून घरात बसू देत नाही का? हे म्हणतात, आई रुसली आहे, होईल सवय. आणि पाच-सहा वर्षांत इमारत रिडेव्हलपमेंटला जाणारच, आता पुन्हा खर्च कशाला? मला रात्र रात्र झोप लागत नाही. आमचं काय चुकलं?
– एक सून, दादर

उत्तर :

सासूबाईंचं वागणं तुम्ही फार बारकाईनं पाहिलंत आणि जसंच्या तसं लिहिलंत, म्हणून मला उत्तर देता येतंय. त्या भिंतीला धरून चालतात. माणसं जमली की मशीन काढतात. दुपारी जिन्यात जाऊन बसतात. तुमचे यजमान याला रुसवा म्हणतात, मला तसं वाटत नाही. रुसलेलं माणूस हॉलमध्येच येऊन बसतं, चारचौघांत, तोंड फिरवून. आपण रुसलोय हे दुसऱ्याला दिसावं एवढंच त्याला हवं असतं. तुमच्या सासूबाई तर कुणाला दिसणार नाही अशी जागा शोधतायत. मला वाटतं, त्यांना तुमच्या नव्या हॉलची भीती वाटते. त्यांच्या पायांना वाटते, डोळ्यांना वाटते, कानांना वाटते. मनातलं दुखणं आहेच, त्याच्याकडे मी येते, पण आधी शरीराचं पाहू. ते लवकर बरं करता येतं.

आज घरात कुणी नसेल तेव्हा सासूबाईंच्या खोलीच्या दारात खाली बसा आणि खोलीची जुनी लादी जिथे संपते नि हॉलची नवी टाइल सुरू होते तिथे बोट फिरवा. टाइलची जाडी आठ-दहा मिलिमीटर आणि तिच्याखाली चिकटवायचा मसाला तीन ते पाच मिलिमीटर, म्हणजे त्या दारात साधारण अर्ध्या इंचाची कड तयार झालेली असणार. तुम्हाला-मला ती जाणवतही नाही. पण 78 व्या वर्षी पाऊल उचलून पडत नाही, ते जमिनीला घासत पुढे सरकतं. पूर्वी तिथे लाकडी उंबरठा असेल, तर तो डोळ्यांना दिसत होता आणि पायाला पन्नासहून जास्त वर्षं पाठ होता. आताची कड दिसत नाही. बाथरूमला जाताना दिवसातून सात-आठ वेळा त्यांना ती ओलांडावी लागते. भिंत का धरतात, याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

उरलेलं निम्मं टाइलच्या चकाकीत आहे. तुमच्या घरात आधी होत्या त्या सिमेंटच्या रंगीत लाद्या. त्या भट्टीत भाजत नसत. पितळी साच्याच्या कप्प्यांत एकेक रंग हाताने ओतायचा, वर सिमेंटचा थर द्यायचा, दाबयंत्रात दाबायचं आणि मग लादी पाण्यात मुरू द्यायची. 1922 साली सिधवा कुटुंबातल्या दोघांनी स्वदेशीच्या भावनेतून भारत टाइल्स सुरू केली आणि मुंबईतल्या कितीतरी इमारतींत ह्या लाद्या बसल्या. खोलीच्या मधोमध नक्षी आणि भिंतीलगत वेगळ्या रंगाची किनार, साडीसारखी. सासूबाईंच्या खोलीत ती किनार अजून असेल, जाऊन पाहा. त्या किनारीमुळे जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते मान वर न करता कळतं. तुमच्या हॉलमध्ये जमीन पांढरी, भिंत पांढरी, आणि काचांतून आलेलं ऊन पांढऱ्या टाइलवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, वय झालेल्या डोळ्यांना त्या झळाळीत पाऊल कुठे टाकायचं तेच उमगत नाही. कोरडी जमीनसुद्धा ओली दिसते. आपण म्हणतो, ‘आई, कोरडं आहे, या ना,’ आणि त्या दारातच थांबतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. हिंदू कॉलनीतल्या आमच्या जुन्या घरात आईच्या खोलीबाहेरचा बोळ मीच हौसेनं करून घेतला होता, गुळगुळीत काळ्या ग्रॅनाइटचा. तिला ‘स्वच्छ ठेवायला सोपं’ म्हणून. चौथ्या महिन्यात ती तिथे पडली आणि खुबा मोडला. त्यानंतर ती स्वतःच्या पायांनी जिना उतरली नाही. आम्ही तो बोळ उखडला, पण तो आम्ही उखडला तेव्हा तिला उपयोग उरला नव्हता. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, सवय होण्याची वाट पाहू नका.

आता कान. कानाचं मशीन आवाज मोठा करतं, पण सगळेच आवाज मोठे करतं. तुमच्या हॉलमध्ये भिंत गेली, लाकडी दार गेलं, गॅलरीच्या जागी काच आली, जमिनीवर टाइल आली. आवाज पिऊन घेणारं काही उरलंच नाही. चार माणसं बोलली की शब्द घुमतात, त्यात मिक्सर, चिमणी, कुकरची शिट्टी, कारण स्वयंपाकघर आता हॉलमध्येच आहे. मशीन लावून त्या गोंगाटात बसणं म्हणजे डोक्यात भांडी आपटल्यासारखं होतं. म्हणून त्या मशीन काढतात, मशीन काढल्यावर काही ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही म्हणून उठून जातात. जिन्याच्या चौकात शांतता असते. वर-खाली करणारं एकेक माणूस समोर येऊन, तोंड त्यांच्याकडे करून बोलतं. पायाखाली जुना खडबडीत मोझॅक असतो, हाताशी लाकडी कठडा असतो आणि जाळीतून वारा येतो. शेजारी काय म्हणतात ते सोडा. त्या घराबाहेर गेलेल्या नाहीत, इमारतीचा जो भाग अजून जुना राहिलाय तिथे जाऊन बसल्या आहेत.

हे घर कसं बांधलं गेलं तेही थोडं सांगते, कारण ते कळल्यावर तुमचे निर्णय सोपे होतील. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांत माणसं किड्या-मुंगीसारखी मेली होती. दादर-माटुंग्याच्या वसाहती त्या धड्यातून आखल्या गेल्या, रुंद रस्त्यांच्या, इमारतींच्या चहूबाजूंनी मोकळी जागा ठेवलेल्या. 1925 मध्ये पालिकेनं माहीम पार्क लोकांना खुला केला आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानं 1927 मध्ये, शिवजयंतीच्या त्रिशताब्दीला, त्याचं नाव शिवाजी पार्क झालं. त्याच्याभोवती तिशी-चाळिशीच्या दशकांत ह्या इमारती उठल्या. सिमेंट-काँक्रीट तेव्हा नव्यानं हातात आलं होतं, त्यामुळे खांबाशिवाय पुढे आलेली गॅलरी काढता आली, कोपरा गोल करता आला, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे ओढता आले. ओव्हल मैदानाशेजारच्या आणि मरीन ड्राइव्हच्या ज्या इमारतींना आपण आर्ट डेको म्हणतो आणि ज्यांना 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यांचीच ही धाकटी, मध्यमवर्गीय भावंडं. तिकडच्या सूना महाल, एम्प्रेस कोर्टसारख्या इमारती करणारे गजानन बाबूराव म्हात्रे आपलेच मराठी वास्तुशिल्पी. शिवाजी पार्क त्या युनेस्कोच्या यादीत नाही, तेव्हा कुणी बाहेरून येऊन तुमची इमारत राखेल अशी आशा धरू नका. तुमच्या इमारतीला पालिकेचा वारसा दर्जा आहे की नाही, ते मात्र सोसायटीला विचारून घ्या.

चाळीतल्या माणसाला ‘ब्लॉक’ या शब्दाचा अर्थ काय होता, तो आपल्या पिढीला पुरता कळत नाही. चाळीत समाईक संडास, समाईक नळ, आणि खोलीसमोरच्या लांब सार्वजनिक गॅलरीतून सगळ्यांची ये-जा. ‘दादरला ब्लॉक आहे’ म्हणजे घरातच संडास-बाथरूम, दार लावलं की आपलं आपण, आणि आपली स्वतःची गॅलरी, जिथून दुसरं कुणी जात नाही. विशी ओलांडलेली एक मुलगी गिरगावातून नवरीच्या साडीत तुमच्या घरात आली, तेव्हा तिच्या वाट्याला पहिल्यांदा अशी गॅलरी आली असेल. धुणं वाळत घालायला, पापड-कुरडया उन्हात ठेवायला, नवरा कोपऱ्यावर दिसतोय का बघायला. मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. काय गेलं ते नेमकं कळलं तर काय परत आणायचं तेही कळेल.

आणि तुमच्या घरात पहिल्यांदा परत आणायची ती गॅलरीच. यात मी आडपडदा ठेवत नाही, कारण हा फक्त सासूबाईंच्या मनाचा प्रश्न नाही. अशी गॅलरी खांबावर उभी नसते, इमारतीतून पुढे आलेल्या हातासारखी असते. तिला पेलणाऱ्या मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात, आणि पाणी मुरतं तेही वरूनच. पंच्याऐंशी पावसाळे आणि समुद्राची खारी हवा तिनं झेलली आहे. काँक्रीट नवं असतं तेव्हा आतल्या सळईला गंजण्यापासून जपतं. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायॉक्साइड आणि क्षार आत शिरले की तो गुण जातो, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. छताचे पोपडे पडतात ते यामुळे. अशा गॅलरीत तुमच्या कॉन्ट्रॅक्टरनं भर घातली. तीन इंच भर म्हणजे चौरस मीटरला शंभर किलोंहून जास्त वजन. त्यावर टाइल. आणि हाताच्या अगदी टोकाला, जिथे भार सगळ्यात वाईट लागतो, तिथे काचा. दहा मिलिमीटरची काच चौरस मीटरला पंचवीस किलो भरते. गॅलरीची जमीन हॉलपेक्षा खाली का होती? पावसाचं पाणी घरात येऊ नये म्हणून. आता झड आली की पाणी काचेच्या चौकटीतून शिरेल आणि भरीत मुरत राहील, वर्षभर, त्या सळयांच्या डोक्यावर.

म्हणून ह्या आठवड्यात नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. कॉन्ट्रॅक्टरचा ‘ओळखीचा माणूस’ नको. त्याला गॅलरी खालून दाखवा, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्यांना विनंती करून त्यांच्या गॅलरीत जा. आणि काढलेल्या भिंतीची जागा दाखवा. ती भिंत नऊ इंची होती, म्हणजे भार घेणारी असू शकेल अशी जाड, की साडेचार इंची, हे आठवतं का? कामाच्या आधीचे फोटो असतील, दाराच्या चौकटीवरून जाडी कळते. त्या काळच्या कितीतरी इमारतींत काँक्रीटचे खांबही आहेत आणि भार घेणाऱ्या विटांच्या भिंतीही आहेत, त्यामुळे ‘आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटची बिल्डिंग आहे, आतली भिंत नुसती पडद्याची’ हे डोळे मिटून धरता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या जमिनीत आणि तुमच्या छतात नवी भेग आली आहे का, ते पाहायला हवं, आणि तुमचं छत तर पीओपीनं झाकलंय. इंजिनीअर सांगेल तिथे पीओपी कापून झाकणं ठेवून घ्या, निदान बीमच्या खाली आणि वरच्यांच्या बाथरूमखाली. एरवीही जुन्या घरात छत असं झाकून टाकू नये, ओल आणि भेग दिसली तरच वेळेत औषध करता येतं. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना तपासून घेणं पालिकेच्या कायद्यानंच बंधनकारक आहे. तुमच्या सोसायटीनं शेवटचं ऑडिट कधी केलं ते विचारा आणि तुमचं काम त्या अहवालात दडवू नका. गॅलरी बंद करायला पालिकेची आणि सोसायटीची परवानगी घेतली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेतली नसेल तर काचा उतरवल्यानं तोही घोर जाईल.

काचा निघाल्या, भर निघाली, की हॉल पुन्हा श्वास घेईल. ह्या घरांना एसी नव्हता. पश्चिमेचा वारा गॅलरीतून शिरून दारांवरच्या झडपांतून मागच्या बाजूला जायचा, अशी ती बेतलेली आहेत. कपाटामागे बुरशी येऊ लागली असेल तर कारण हेच.

जमिनीचं आता. टाइल लाद्यांवर चिकटवली, लाद्या फोडल्या नाहीत, हे एका अर्थी बरं झालं, त्या खाली आहेत. सगळं घर उकरू नका. एका कोपऱ्यात, सोफ्याखाली, दोन टाइल जपून काढून पाहा. मसाला सुटतो की लादीचा रंग घेऊन येतो ते तिथे कळेल. सुटत असेल तर लाद्यांना ॲसिड लावू देऊ नका, कुणी कितीही खात्री दिली तरी. लादी सिमेंटची आहे, ॲसिड तिला खातं. ओली घासाई करून घ्या. त्या लाद्यांमध्ये रंगाचा थर चांगला जाड असतो, घासल्यावर खालून पुन्हा तोच रंग येतो. काही फुटतील, तेवढ्या तशाच नव्या करून मिळतात. आणि सुटत नसतील, तर जीव थोडा करू नका. निदान खोलीपासून बाथरूमपर्यंत आणि खोलीपासून गॅलरीपर्यंत तीन फुटांचा पट्टा खरखरीत, गडद रंगाच्या टाइलचा करून घ्या, पक्का बसवलेला. सतरंजी किंवा पायपुसणं टाकू नका, त्यात पाय अडकतो. दारातली कड उतार देऊन मारून घ्या, लाकडाची पट्टी लावून, वेगळ्या रंगात. हे काम दोन दिवसांचं आहे आणि ते उद्या सुरू होऊ शकतं. भिंतीला धरायचंच आहे तर कंबरेच्या उंचीला एक लाकडी दांडी लावून द्या, जिन्याच्या कठड्यासारखी.

गेलेली भिंत पुन्हा बांधायला मी सांगणार नाही, इंजिनीअरनं सांगितलं तरच. मोकळं स्वयंपाकघर तुम्हाला आवडतंय, दिवसभर तिथे उभ्या तुम्ही असता, त्यालाही किंमत आहे. पण त्या जागी घडीचं लाकडी दार बसू शकतं, वर काचेची तावदानं असलेलं, मिक्सर लावताना ओढून घ्यायचं. हॉलमध्ये जाड सुती पडदे, पुस्तकांचं कपाट, एखादी भिंतीवरची गोधडी. घुमणं बरंच कमी होईल. मग एक दिवस टीव्ही बंद ठेवून सासूबाईंना मशीन लावून बसायला सांगा आणि विचारा, कसं ऐकू येतंय.

वायरिंग बदललंत, पाइप बदलले, बाथरूम नवं केलंत, ते सगळं योग्य केलंत. जुन्या वायरींची आवरणं चुरा झालेली असतात, अर्थिंग बहुतेक घरांत नसतंच. जुने लोखंडी पाइप आतून गंजून बंद होतात. ‘जुनं ते सोनं’ म्हणून ते कुणी जपलं असतं तर मी त्यांना रागावले असते. बाथरूममध्ये धरायला दांडा लावलाय ना? नसेल तर लावा.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मला कळतं. पार्काच्या आसपास एकेक करून जुन्या इमारती पडतायत, तुमचीही कधीतरी पडेल. पण पाच-सहा वर्षं म्हणजे सासूबाईंची 78 ते 84. त्यांच्या आयुष्यातली घरात वावरण्याची जी वर्षं उरलीत ती हीच आहेत. नव्या टॉवरमधल्या फ्लॅटची किल्ली त्यांच्या हातात पडेल की नाही, हे तुम्हीही जाणता. पट्टा, उतार, दांडी, पडदे यांना लागतील ते पैसे हॉलवर झालेल्या खर्चापुढे फार थोडे आहेत. गॅलरीचा खर्च तर तसाही टळणार नाही, ती सुरक्षित करावीच लागेल.

आता मनाचं. तुम्ही विचारलंत, आमचं काय चुकलं? त्यांना विचारलं नाहीत, हे चुकलं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव कुणाचं आहे, ते एकदा काढून बघा. बहुधा सासऱ्यांमागे ते त्यांच्या नावावर झालं असेल. ज्या घराच्या त्या धनीण, ते घर त्या गावी गेल्या असताना बदललं गेलं. तुम्ही प्रेमानं केलंत, यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्या ‘छान केलंय’ म्हणाल्या तेव्हा त्यांच्यापुढे दुसरं वाक्य कोणतं होतं? मुलानं आयुष्याची पुंजी ओतलेली, सून डोळ्यांत पाणी आणून वाट बघतेय, पाहुणे जमलेले. त्या पिढीची बाई अशा वेळी ‘छान’च म्हणते.

त्यांच्याशी बोलायला हॉलमध्ये बोलावू नका. त्यांच्या खोलीत, दार लावून, एकट्या जा. यजमानांना नंतर पाठवा. आई मुलाला खरं सांगणार नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. ‘तुम्हाला आवडलं नाही का?’ असं विचारू नका, त्या ‘तसं काही नाही गं’ म्हणतील आणि बोलणं तिथेच संपेल. ‘आई, दारातली ती कड मला परवा कळली. तुम्ही सात महिने सांभाळून चालताय आणि आम्हाला दिसलंच नाही. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं,’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. त्या लगेच काही बोलणार नाहीत कदाचित. दोन दिवसांनी बोलतील, भाजी निवडता निवडता. पहिलं वाक्य लाद्यांबद्दल असेल, नाहीतर त्या दाराबद्दल.

मग पट्ट्याचा रंग त्यांनाच निवडू द्या. गॅलरी मोकळी झाली की त्यांची खुर्ची कुठे ठेवायची, तेही त्यांनाच ठरवू द्या, आणि त्यांनी सांगितलेली जागा तुमच्या सजावटीत बसत नसली तरी तिथेच ठेवा.

दाराचं मात्र आजच करा. सागवानी दुपाखी दार कॉन्ट्रॅक्टर फुकट उचलून नेत नाही, त्याला भाव येतो. त्याला फोन करून सरळ विचारा, कुणाला दिलंत? अशी दारं बहुतेक वेळा ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात किंवा चोर बाजारात जाऊन उभी राहतात, आणि सात महिने म्हणजे फार नाहीत. चौकटीचं माप आणि जुना फोटो घेऊन जा. पितळी कडीवरची झीज आणि आतल्या अंगाला मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या खुणा असतील तर त्यावरून ओळख पटेल. जमलं तर सासूबाईंना बरोबर टॅक्सीनं घेऊन जा. सापडलं तर मला कळवा. बिजागऱ्या जुन्याच वापरायच्या आणि दार खालून तासायचं नाही, नव्या जमिनीला कसं बसवायचं ते मी सांगते.